पत्र्याच्या शेडमधलं परराष्ट्र खातं

"आपण नेमके कुणाच्या बाजूने?"

हा प्रश्न मी दादाला पहिल्यांदा विचारला तेव्हा मी सातवीत होतो आणि टीव्हीवर कुठल्यातरी दोन देशांची मारामारी चालली होती. दादा म्हणाला, "जेव." सातवीनंतर मी शाळा सोडली, प्रश्न काही सोडला नाही. बोरसे काकांना विचारला, मोहसीनला विचारला, बातम्या देणाऱ्या माणसाला टीव्हीसमोर उभं राहून विचारला. आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही.

उत्तर मिळालं नाही, पण किस्से साठत गेले. लेथखाली लोखंडाचा भुसा साठतो ना, तसे. संध्याकाळी झाडून शेड लख्ख करा, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत बूट रुततो. दादाला जाऊन आता अडीच महिने झाले. त्याच्या लेथखालचा भुसा मी अजून कुणाला झाडू दिलेला नाही. शेठ दोनदा ओरडले, मी दोनदा उलटा ओरडलो. म्हटलं, निदान किस्से तरी सांगून मोकळं व्हावं.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मागच्या रांगेत आमची पत्र्याची शेड आहे. दादा तिथे फोरमन. मी ड्रिल मशीनवर, आणि माल पोचवायचा असला की टेम्पोवर. दादा पेपर उघडला की पहिलं पान सोडून थेट परदेशाच्या पानावर जायचा. हत्यारांच्या कपाटावर त्याने जगाचा नकाशा चिकटवला होता. त्यावर ग्रीसची बोटं उमटून उमटून हिंदी महासागर काळा पडला होता.

आणि आमच्याकडे एक पद्धत होती. दर महिन्याच्या एक तारखेला नटबोल्टच्या डब्यातून चिठ्ठ्या काढायच्या. चिठ्ठीत जो देश येईल, तो महिनाभर तुमचा. जेवणाच्या सुट्टीत त्या देशाच्या वतीने बोलायचं. "ते लोक" म्हणायचं नाही, "मी" म्हणायचं. "मी काल समुद्रात जहाज नेलं, तुझं काय जातं?" असं. भारताची चिठ्ठी डब्यात नसायची. भारत कायम दादा.

"भारत क्यूं नहीं डालते डब्बे में?" मोहसीनने एकदा विचारलं. मोहसीन आमचा वेल्डर, मालेगावचा.

दादा म्हणाला, "सगळ्यांना तोच पाहिजे असतो. मग बाकीच्या जगाचा विचार कोण करणार?"

जगाची एवढी माहिती असलेला हा माणूस कधी फार लांब गेला नव्हता. त्याची इच्छा एकच होती. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, देशाची सीमा पायी ओलांडायची. विमान नको. "विमानातून रेघ कळत नाही," म्हणायचा. "पायाखालून गेली पाहिजे."

*

पहिल्याच महिन्यात बोरसे काकांना पाकिस्तान आला.

बोरसे काका म्हणजे आमच्या गेटवरचे वॉचमन. सटाण्याकडचे, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी चिठ्ठी वाचली, तिची व्यवस्थित घडी घातली, दादाच्या पुढ्यात ठेवली आणि आपला जेवणाचा डबा उचलून गेटवर निघून गेले. दादा मागे गेला.

"काका, नियम म्हणजे नियम."

"मरी जासू, पन हाई चिठ्ठी लेवाव नही." चिडले की काका अहिराणीवर यायचे. मरेन, पण ही चिठ्ठी घेणार नाही, असं.

"काका, समोरचा काय विचार करतो ते कळल्याशिवाय तुम्ही पहारा कसा देणार?"

काकांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी येऊन बसले आणि बोलायला लागले. आम्ही घास हातात धरून ऐकत राहिलो. दादा एक मुद्दा काढायचा, काका त्यावर तीन. वीस वर्षं समोरच्या बाजूला बघत उभं राहिलेला माणूस, त्याला समोरचं सगळं पाठ. मोहसीनने शेवटी पोळी खाली ठेवली. "काका, आप थोडा कम अच्छा बोलो ना. टेन्शन आता है."

महिना संपला. काकांनी चिठ्ठी डब्यात टाकली, नळावर जाऊन साबणाने तीनदा हात धुतले. मग दादाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यात तीच चिठ्ठी परत भेटेल का रे? माझं पाणीवाटपावरचं बोलणं अर्धं राहिलं."

*

सुनंदाताई आमच्या शेडच्या दारात चहा आणि जेवणाचे डबे करतात. इगतपुरीकडच्या. त्यांचं एक टेबल, एक बाकडं, एक शेगडी, सगळं पत्र्याबाहेर. त्यांना चीन आला.

ताई म्हणाल्या, "मला बातम्यांमधलं काय कळत नाय. मी काय बोलू?"

दादा म्हणाला, "काही बोलू नका. चीन फार बोलत नाही."

एवढं बोलून दादाने चूक केली. दुसऱ्या दिवशी ताईंचं बाकडं एक वीत आत आलेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या आठवड्यात शेगडी आली. मग पापडाची खाट. दादाने जमिनीवर खडूने रेघ मारली. सकाळी रेघ जागेवर होती, बाकडं मात्र रेघेच्या अलीकडे.

"ताई, तुम्ही रेघेच्या आत आलात."

"ही तुमची रेघ. माझी रेघ तिकडं हाय, लेथपाशी."

"लेथपाशी कुठलीच रेघ नाही, ताई."

"तुम्हाला दिसत नसंल. मला दिसती."

मला राग आला. मी शेगडी उचलून बाहेर न्यायला निघालो, तर दादाने माझी कॉलर धरली. "नंद्या, तू या महिन्यात मालदीव आहेस. मध्ये पडू नको."

मग बोलणी सुरू झाली. दादा रेघेच्या या बाजूला, ताई त्या बाजूला, दोघंही उभे. रोज सुट्टीत एक फेरी. फेरी संपली की दादा येऊन सांगायचा, "चर्चा चांगल्या वातावरणात झाली." बाकडं तिथेच. चौदाव्या फेरीत ठरलं की दोघांनी एकेक फूट मागे सरायचं. दादाने हत्यारांची ट्रॉली एक फूट मागे घेतली. ताईंनीही बाकडं मागे घेतलं, अगदी मोजून. आणि जी मोकळी जागा झाली, तिथे तुळशीची कुंडी आणून ठेवली.

दादा बघतच राहिला. "ताई, हे काय?"

"तुळस हाय. तुळस म्हणजे सैन्य नाय."

आता तुळस कोण हलवणार? आम्ही अजून तिला वळसा घालून आत जातो.

*

एका महिन्यात मोहसीन अमेरिका आणि मी रशिया, असा योग आला.

मोहसीनने पहिल्याच दिवशी माझ्यावर निर्बंध लादले. त्याची वेल्डिंगची काच मला बंद, त्याच्या मोबाइलवरून मॅच बघणं बंद, त्याच्या डब्यातला खिमा बंद. बाकीच्यांनाही त्याने तंबी दिली. "जो नंदू से कुछ लेगा, वो मेरा दोस्त नहीं."

त्याच आठवड्यात लेथचं कटिंग ऑइल संपलं, आणि मी माल पोचवायला गेलो होतो तिथून एक कॅन घेऊन आलो. दादाने सरळ कॅन घेतला.

मोहसीन तणतणला. "प्रकाशभाई, मैंने मना किया था."

"तुझं बरोबर आहे," दादा म्हणाला. "पण मला माझ्या लेथची काळजी आहे."

दोन दिवसांनी मोहसीनच्या कटिंग मशीनचंही तेल संपलं. तो दादाच्या मशीनपाशी घुटमळायला लागला. बाटली पाठीमागे लपवलेली. "थोडा दे ना, भाई."

"हे रशियाचं आहे."

"मालूम है. इसीलिए तो पूछ रहा हूँ, कैसे लूं?"

दादाने एक फडकं घेतलं, तेल त्यातून गाळलं आणि बाटली भरून दिली. "घे. आता हे भारतीय तेल आहे."

मोहसीनने बाटली उजेडात धरून बघितली. "माशाल्ला, एकदम साफ है," म्हणाला आणि गेला. माझा खिमा मात्र महिनाभर बंदच राहिला.

*

कांद्याचा किस्सा तर शेजारच्या शेडमध्येही सांगतात.

बोरसे काकांच्या पुतण्याचा मळा सटाण्याला. काका दर सोमवारी कांद्याची पिशवी आणायचे, आठवडाभर आमच्या जेवणाला पुरायची. एका महिन्यात काकांना बांगलादेश आला. आणि त्याच महिन्यात सरकारने कांद्याची निर्यात बंद केली.

काका रिकाम्या हाताने आले. "तुम्ही मला कांदा देणं बंद केलं. मग मी बी तुम्हाला देणार नाय."

दादा म्हणाला, "काका, तुम्ही बांगलादेश आहात. कांदा आमचा. तो तुमच्याकडे कसा?"

"तो माझ्या पुतण्याचा आहे."

"पुतण्या भारतात आहे."

"पुतण्या भारतात आहे, पण तो बी तुमच्यावर चिडलेला आहे. सध्या तो माझ्या बाजूने."

नाशिक जिल्ह्यात, कांद्याच्या ढिगाऱ्यात बसून, आम्ही आठ दिवस कांद्याशिवाय भाकरी खाल्ली. नवव्या दिवशी ताईंच्या टेबलावर कापलेला कांदा दिसला. सगळे तुटून पडले. कुठून आणला, विचारलं तर ताई काही सांगेनात.

काकाच पाणी पिता पिता म्हणाले, "तिसऱ्या देशातून गेला असंल."

*

घरी वेगळाच ताप होता. दादाला भारत होऊन होऊन तशी सवयच लागली होती.

वहिनी विचारायची, "दिवाळीला आधी माझ्या माहेरी जायचं की तुमच्या बहिणीकडे?"

दादा म्हणायचा, "आम्ही परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहोत."

आई म्हणायची, "प्रकाश, तुझी बायको मला उलटं बोलली."

"दोन्ही पक्षांनी संयम बाळगावा आणि चर्चेतून मार्ग काढावा."

एकदा आई आणि वहिनी दोघींनी मिळून त्याला स्वयंपाकघरात घेरलं. दोघींपैकी कुणाचं बरोबर ते आज सांगच, म्हणाल्या. दादाने दोघींकडे बघितलं, दोघींच्या हातची एकेक पोळी उचलली, म्हणाला, "दोघींशी माझे जुने आणि घनिष्ठ संबंध आहेत," आणि गच्चीवर जाऊन जेवला.

वहिनी परवा म्हणत होती, घरात आता भांडणच होत नाही. कुणाला सांगायचं?

*

सीमा ओलांडायची तर पासपोर्ट पाहिजे. दादाने अर्ज केला. तर शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख एक, आधारवर दुसरी, आणि आई सांगते ती तिसरी. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "यातली खरी कोणती?"

दादा म्हणाला, "साहेब, ते वादग्रस्त क्षेत्र आहे."

अर्ज परत आला.

राहिला नेपाळ. तिथे पासपोर्ट लागत नाही. नाशिकरोडहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, आणि मग पायी. दादाने मोहसीनची, काकांची, माझी आणि स्वतःची तिकिटं काढली. ताई म्हणाल्या, "जावा, मी शेडकडं बघते." त्यांच्याकडे तो महिना चीन नव्हता, म्हणून दादा निश्चिंत होता.

पण दौऱ्यावर जायचं तर यजमान देशाचं निमंत्रण पाहिजे, हा नियम दादाचाच. आणि त्या महिन्यात नेपाळ मी होतो.

आदल्याच दिवशी माझ्याकडून टेम्पो मागे घेताना गेटचा खांब वाकला होता. दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "याला बैलगाडी दिली पाहिजे. पण बैलांना आधी विचारावं लागेल." सगळे हसले. माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत दादा उभा राहिला. हात पुसले. "नेपाळच्या मित्रा, आम्ही चौघं तुमच्याकडे येऊ इच्छितो."

मी म्हणालो, "नेपाळ नाराज आहे. तुम्ही फार मोठ्या भावासारखं वागता. आधी ते बंद करा, मग बघू."

हशा झाला. काकांना ठसका लागला. दादासुद्धा इतका हसला की त्याने डोळे पुसले. बसला आणि जेवला.

संध्याकाळी त्याने चारही तिकिटं रद्द केली.

मी त्याच्या मागे धावलो. "अरे दादा, मी चिडून बोललो. गंमत होती."

"माहितीये मला."

"मग?"

"लहान देशाने नाही म्हटलं की नाही. तिथे मोठ्याने ऐकलं नाही, तर चिठ्ठ्या काढायच्या कशाला?" मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "पुढच्या वर्षी बोलव. घाई नाही."

पुढच्या वर्षी त्याच्या पोटात दुखायला लागलं.

*

डॉक्टरांनी मला दादाच्या खाटेशेजारी खुर्चीवर बसवलं आणि फोटो उजेडात धरला. स्वादुपिंडात गाठ आहे, म्हणाले, आणि आजूबाजूला पसरलंय.

दादाने विचारलं, "किती आत आलेत?"

डॉक्टरांना कळलं नाही. "कोण?"

"घुसलेत ना, म्हणून विचारतोय. मागे रेटता येतील, की आता फक्त बोलणी?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाले, "आता बोलणीच."

मी उठलो. खुर्ची मागे पडली, ती तशीच टाकून बाहेर आलो, टेम्पो काढला आणि थेट नाशिकरोडला जाऊन पुढच्याच आठवड्याची चार तिकिटं घेऊन आलो. दादाला तेव्हा उशीला टेकून बसणंही जड जात होतं. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

तिकिटं घेतली, पण निमंत्रण नव्हतं. आणि त्या महिन्यात नेपाळ बोरसे काकांकडे होता, माझ्याकडे जपान. मी गेटवर गेलो.

"काका, मला नेपाळ द्या."

काकांनी वरच्या खिशातून चिठ्ठी काढली, माझी घेतली, खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

मी शेडमधल्या एका कोऱ्या जॉब कार्डाच्या मागे निमंत्रण लिहिलं. दोनच ओळी. 'नेपाळ आता नाराज नाही. तुम्ही यावं.' खाली सही.

दादाने कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं. मागेपुढे करून बघितलं. मग एकदम गंभीर आवाजात म्हणाला, "आम्ही निमंत्रण स्वीकारतो. तारखा दोन्ही बाजूंच्या सोयीने ठरवू."

"तिकिटं आहेत, दादा. पुढच्या गुरुवारची."

"सध्या दौऱ्यासाठी वातावरण अनुकूल नाही," तो म्हणाला. कार्ड उशीखाली सरकवलं. "पण रद्द नाही हं. पुढे ढकललाय."

गुरुवारी गाडी वेळेवर सुटली असेल. दादा बुधवारी गेला.

*

तेराव्यानंतर आम्ही पहिल्यांदा शेडमध्ये जेवायला बसलो. मी, काका, मोहसीन आणि ताई. चार डबे समोर. पण कुणी उघडेना. कारण नियम असा की सुरुवात भारताने करायची.

मोहसीन खाली बघत म्हणाला, "नंदू, तू बैठ जा ना उसकी जगह."

मी दादाचं स्टूल लाथेने उडवलं. ते ड्रिल मशीनवर जाऊन आदळलं. काकांनी उठून स्टूल उचललं, पुसलं, परत जागेवर ठेवलं. आम्ही बंद डब्यांसमोर बसून राहिलो. शेजारच्या कारखान्याचा भोंगा वाजला, सुट्टी संपली, आणि भरलेले डबे घेऊन सगळे कामाला लागले.

दुसऱ्या दिवशीही तेच होणार असं दिसलं, तेव्हा सुनंदाताई उठल्या. त्यांनी चारही डब्यांची झाकणं काढली आणि एकात एक रचून बाजूला ठेवली.

"मला तुमचं जगाचं काय कळत नाय," म्हणाल्या. "पण पोळ्या वाळत्यात."

आम्ही जेवलो. पण कुणी कुठलाच देश होऊन बोललं नाही. मोहसीनने फक्त एवढंच म्हटलं की भाजी चांगली आहे.

*

आता शेवटचा.

सगळा देश अस्थी घेऊन नाशिकला येतो. रामकुंडावर सकाळी उभं राहिलं की दहा भाषा ऐकू येतात. आमचं घर तिथून सायकलच्या अंतरावर. तरी दहाव्याच्या दिवशी, गुरुजींनी सगळं पाण्यात सोडायला सांगितलं तेव्हा, मी मध्येच म्हणालो, "थोड्या ठेवा."

"कशासाठी?"

"नेपाळला न्यायच्यात."

गुरुजींनी पोथीतून मान वर केली. "अहो, लोक तिकडून इकडे येतात."

"तो इथेच होता," मी म्हणालो. "त्याला तिकडे जायचं होतं."

मामा, चुलते, सगळे मला समजवायला लागले. हे असं चालत नाही, रामकुंड सोडून कुणी जातं का, वगैरे. मी ऐकेना, ते थांबेनात. आई तेवढा वेळ पायरीवर बसून होती. ती उठली, मडक्यातून मूठभर अस्थी काढल्या, लाल फडक्यात बांधल्या आणि गाठ दातांनी आवळली. माझ्या हातात देऊन म्हणाली, "थंडी असते तिकडे. स्वेटर घे." मग थोडं थांबून म्हणाली, "त्याचाही घे."

गेल्या आठवड्यात गेलो. सोबत यायला मोहसीन आणि काका दोघंही तयार होते, पण मी कुणाला नेलं नाही. मोहसीन स्टेशनपर्यंत आला. गाडी हलली तेव्हा त्याने खिडकीतून डबा दिला. खिमा होता.

गाडीत समोर एक गोरखपूरचे चाचा बसले होते. माझ्या डोक्यावर नुकतेच उगवलेले केस, मांडीवर लाल गाठोडं. त्यांनी विचारलं, "नासिक में विसर्जन करके लौट रहे हो, बेटा?"

"नहीं, चाचा. लेके जा रहा हूँ."

त्यांनी खूप वेळ विचार केला. "उल्टा जा रहे हो," म्हणाले, आणि माझ्यासाठी खिडकीची जागा सोडली.

सोनौलीला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ट्रकांची मोठी रांग. सायकली जात होत्या, शाळेची पोरं जात होती, एक बाई डोक्यावर कोबीची टोपली घेऊन कुणाशी तरी फोनवर भांडत पलीकडे निघून गेली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून दादाचा स्वेटर काढला, गाठोड्याभोवती नीट गुंडाळला, बाह्यांची गाठ मारली. आणि चालायला लागलो.

कमानीपाशी एका जवानाने थांबवलं. माझ्यापेक्षा लहानच असेल.

"कितने आदमी?"

मी म्हणालो, "दो."

खिशातून मतदानाची दोन कार्डं काढून दिली. त्याने माझं बघितलं, माझ्याकडे बघितलं. दादाचं बघितलं, माझ्या पाठीमागे बघितलं. मागे एक रिक्षावाला होता, तो काही दादासारखा दिसत नव्हता.

"दूसरा कहाँ है?"

मी स्वेटर उचलून दाखवला. बाहीच्या गाठीखालून लाल फडकं दिसत होतं.

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. जवानाने हात वर करून त्याला थांबवलं. त्याने दादाचं कार्ड परत एकदा वाचलं, नाव, पत्ता, सगळं. मग दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून मला परत दिली आणि रस्त्यातून बाजूला झाला.

मी दादाला दोन्ही हातांनी पुढे धरलं. हात जेवढे लांब होतील तेवढे. आधी तो गेला, मग मी.